गावातली सगळ्यात गरजू घरं कशी निवडायची: अर्ज मागवण्याआधीची आणि नंतरची कामं

निराधार अनुदान असो नाहीतर अंत्योदय रेशन, यादी करायची वेळ आली की बहुतेक गावांत एकाच पद्धतीनं काम चालतं. ग्रामपंचायतीच्या फलकावर 'पात्र व्यक्तींनी कागदपत्रांसह अर्ज करावेत' अशी सूचना लागते, पंधरा दिवस अर्ज घेतले जातात आणि आलेल्या अर्जांचीच यादी बनते. ज्याच्याकडे कागद आहेत, तालुक्याला जायला भाडं आहे आणि सदस्याशी ओळख आहे, तो यादीत बसतो. वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी फलक वाचत नाही, त्यामुळे तिचा अर्जच येत नाही. अर्ज नाही म्हणून ती कधी नाकारलीही जात नाही. पुढे कुणी चौकशी केली, तर तिचं नाव कुठेच सापडत नाही.

म्हणून क्रम उलटा करा. आधी घरं शोधा, मग निवड करा आणि अर्ज सगळ्यात शेवटी भरा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, आशाताई आणि बचत गटाच्या ताईंसाठी हा क्रम खाली दिला आहे.

## १. कोणत्या मदतीसाठी निवड करतोय, ते आधी ठरवा

'गरिबांची यादी' अशी एकच यादी करून ती सगळ्या योजनांना लावता येत नाही. प्रत्येक योजनेची अट वेगळी असते आणि अंतिम निर्णय घेणारंही वेगळं असतं.

संजय गांधी निराधार अनुदान योजना: १८ ते ६५ वयाच्या निराधार व्यक्तींसाठी. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती, क्षयरोग, कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग अशा आजारांनी कमाई थांबलेले, देवदासी, तृतीयपंथी आणि ३५ वर्षांवरच्या अविवाहित स्त्रिया यात येतात. ६५ नंतर श्रावणबाळ योजना. बहुतेक गटांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे. अनुदान महिना १,५०० रुपये. दिव्यांगांना आता २,५०० रुपये. मंजुरी तालुकास्तरीय समिती देते. ग्रामपंचायतीचं काम योग्य माणूस शोधून त्याची फाईल पूर्ण करून पाठवण्याचं आहे.

रेशन: ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्न मर्यादा ४४,००० रुपये आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डाला सरसकट ३५ किलो. अंत्योदयचा इष्टांक, म्हणजे किती कार्डं द्यायची तो आकडा, ठरलेला असतो. जागा रिकामी झाली तरच नवं नाव बसतं.

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना: दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला, तर एकदाच २०,००० रुपये. ही योजना गावात फार कमी लोकांना ठाऊक असते. मयताचा दाखला द्यायला घरी जाल, तेव्हाच सांगून ठेवा.

घरकुलाची यादी वेगळ्या सर्वेक्षणातून ठरते, ती यात मिसळू नका.

> इथे हमखास होणारी चूक: अंत्योदय 'मोठं कुटुंब, जास्त गरज' या न्यायानं मोठ्या घराला दिलं जातं. हिशेब करून पाहा. एकट्या विधवेला प्राधान्य कार्डावर ५ किलो मिळतं, अंत्योदयवर ३५. सात जणांच्या घराला दोन्हीकडे ३५ किलो. आठ जणांच्या घराला प्राधान्यातच ४० किलो मिळतं, म्हणजे अंत्योदयात गेल्यानं त्यांचं ५ किलोनं नुकसान होतं. अंत्योदयच्या मोजक्या जागांचा खरा उपयोग एकट्या-दुकट्या माणसांच्या घरांना होतो.

## २. महिना चुकवू नका

पाहणी कधी करता, यावर यादीत कोण येणार हे बऱ्याच अंशी ठरतं. आपल्या दोन जिल्ह्यांत सगळीकडे एकच महिना चालत नाही.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मेंढपाळ कुटुंबं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, पावसाच्या तोंडावर माघारी येतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी डिसेंबरात पाहणी केलीत, तर ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्याच घरांना कुलूप असतं आणि वहीत 'कुटुंब बाहेरगावी' अशी नोंद पडते. या पट्ट्यात जून-जुलैत पाहणी करा आणि यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवा.

पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरी वाड्यांत नेमकं उलटं. तिथे जून ते सप्टेंबर पावसानं वाट बंद असते. फेब्रुवारी-मार्च बरा. पण गणपतीत आणि गावच्या यात्रेत तिथे जाऊ नका. त्या दिवसांत मुंबईची मंडळी आलेली असतात आणि घर भरलेलं दिसतं. इतर वेळी त्याच घरात सत्तरीतली दोन माणसं राहतात.

## ३. घरांची यादी करा, चूल हे एकक धरा

मतदार यादी, रेशन यादी, घरपट्टीचा नमुना ८ यांतली कोणतीही एक यादी पुरेशी नाही. तिन्ही समोर घ्या आणि वाडीवार नवी यादी तयार करा. प्रत्येक वाडीसाठी दोन माणसं नेमा. त्यातलं एक त्याच वाडीतलं असावं, एक बाहेरचं. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला दोघींनाही बरोबर घ्या, कोणत्या घरात कोण आजारी आणि कोण बाळंत हे त्यांना पाठ असतं.

एक चूल म्हणजे एक कुटुंब. रेशन कार्डावर सहा नावं असतील, पण म्हातारा-म्हातारी मागच्या पडवीत वेगळं शिजवत असतील, तर ते दुसरं कुटुंब धरा.

सरकारी यादीत सहसा न सापडणाऱ्यांसाठी मुद्दाम फेरी मारा: गावठाणाबाहेर पालात राहणारी वैदू, नंदीवाले, गोसावी यांची घरं, वीटभट्टीवरची कुटुंबं, दुसऱ्याच्या मळ्यात राखणीला ठेवलेलं जोडपं, माहेरी परत आलेली लेक. या लेकीचं नाव सासरच्या कार्डावर असतं आणि माहेरच्या यादीत ती पाहुणी धरली जाते. तिचं वेगळं घर म्हणून नोंद करा, भले ती भावाच्या गोठ्यालगतच्या खोलीत राहत असो. जतच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. तिथे कन्नड येणारं माणूस सोबत नसेल, तर उत्तरं शेजारी देतो आणि नोंद त्याच्या मताची होते.

> पुढे जाण्याआधी तपासा: प्रत्येक वाडीतल्या घरांचा आकडा रेशन दुकानदार आणि पोलीस पाटील यांच्या अंदाजाशी ताडून बघा. मोठा फरक असेल, तर पुन्हा एक फेरी मारा.

## ४. निकष ठरवा, एकही नाव घेण्याआधी

हा टप्पा घाईत उरकला जातो आणि पुढची सगळी भांडणं इथूनच उगवतात. नावं समोर असताना निकष ठरवायला बसलं, की जो तो आपलं माणूस बसेल असा निकष सुचवतो.

सरकारी अटी तर पाळायच्याच आहेत. पण त्या अटींत बसणारी घरं जागांपेक्षा जास्त निघतात, तेव्हा आधी कोण हे ठरवायला गावाचे निकष लागतात. वाडीवर बैठक घ्या आणि विचारा: 'आपल्याकडं एखाद्या घराचे हाल चाललेत, हे कशावरून कळतं?' लोक नेमकं सांगतात. कमावतं माणूस नाही. आजारपणात शेळ्या विकल्या. पोरगी शाळा सोडून रानात जाते. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटलेली नाही. पाणी दुसऱ्याच्या बोअरवरून मागून आणतात. यातले पाच-सहा निकष निवडा, कागदावर लिहा आणि हजर असलेल्यांच्या सह्या-अंगठे घ्या.

इथे तीन निकष फार फसवतात.

*जमीन.* वाळवा-कराडकडची एक एकर बागायत आणि जत-आटपाडीकडची पाच एकर जिरायत यांची तुलना होत नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून तर एकाच गावात कालव्याच्या अलीकडची वस्ती उसात आणि पलीकडची अजून टँकरवर, असं चित्र दिसतं. एकराचा आकडा लिहून थांबू नका. पाणी आहे का, जमीन प्रत्यक्षात कसतंय कोण आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे, तेही लिहा. सासऱ्याच्या नावावरच्या चार एकरांमुळे हातात काहीच नसलेली विधवा सून बाद झाल्याची उदाहरणं जवळजवळ प्रत्येक तालुक्यात सापडतात.

*पक्कं घर.* विटा-आटपाडीकडे गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी माणसं परराज्यांत गेलेली असतात. मागे स्लॅबचं घर दिसतं. त्यातल्या म्हाताऱ्यांना पैसे येतात का, हे भिंतीवरून कळत नाही.

*मुलगा.* 'पोरगा आहे की मुंबईला' एवढ्यावर नाव उडवलं जातं. मुलगा असणं आणि त्यानं सांभाळणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत. शेवटचे पैसे कधी पाठवले, ते विचारून लिहा.

## ५. चिठ्ठ्यांची वर्गवारी

प्रत्येक घरासाठी एक चिठ्ठी करा. तीवर कर्त्या पुरुषाबरोबर घरातल्या बाईचंही नाव लिहा. वाडीतले आठ-दहा जण बसवा आणि चिठ्ठ्यांचे चार ढीग करायला सांगा: अतिगरीब, गरीब, बरं चाललेलं, सधन. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चिठ्ठी मोठ्यानं वाचा.

हेच काम त्याच वाडीत तीन वेगवेगळ्या गटांकडून करून घ्या. एक गट फक्त बायकांचा असू द्या, एक मजुरी करणाऱ्यांचा. सरपंच, सदस्य आणि रेशन दुकानदार कोणत्याच गटात नकोत. ते समोर बसले, की लोक त्यांच्या तोंडाकडे बघून चिठ्ठी ठेवतात.

मग तिन्ही निकाल एकमेकांशेजारी मांडा. तिन्ही गटांनी अतिगरीब म्हटलेली घरं सरळ पुढच्या टप्प्यात जातात. एका गटानं अतिगरीब आणि दुसऱ्यानं बरं चाललेलं म्हटलं असेल, तर त्या चिठ्ठीवर खूण करा. सगळ्यात जास्त वेळ याच घरांना द्यायचा आहे. बायकांच्या गटानं एखादं घर खाली ठेवलं आणि बाकीच्या गटांनी वर, तर बहुतेकदा तिथे दारू, मारहाण किंवा लपवलेलं आजारपण असतं. सरासरी काढून मोकळे होऊ नका.

## ६. घरभेट

अतिगरीब ढिगातलं प्रत्येक घर आणि खूण केलेली सगळी घरं बघायची. दोघांनी जायचं, त्यात एक बाई हवीच. जाताना मोठा फॉर्म हातात धरून उभं राहू नका आणि फोटोनं सुरुवात तर मुळीच करू नका. बसा, पाणी घ्या, मग बोला.

'महिन्याचं उत्पन्न किती?' या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. ते लपवतात म्हणून नव्हे. रोजंदारीच्या घरात महिन्याचा हिशेबच नसतो. त्याऐवजी गेल्या आठवड्याचं विचारा.

'आज्जी, दुकानातनं काय आणलं या आठवड्यात?'

'काय आणायचं! दहा रुपयाचं सुटं त्याल. पिशवी न्हाय परवडत.'

'आणि गोळ्या चालू आहेत का बीपीच्या?'

'हायत की. एक दिसाआड घेती, म्हंजे म्हैनाभर पुरत्यात.'

या दोन उत्तरांत उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा जास्त माहिती आहे. ती आज्जींच्याच शब्दांत लिहून घ्या, ग्रामसभेत हरकत आली तर हीच नोंद कामाला येते.

घरात काय बघायचं: धान्याचा डबा किंवा कणगी किती भरलेली आहे, चूल कशावर पेटते, सिलिंडर असेल तर शेवटचा कधी भरला, पाणी साठवायला काय आहे, रात्री कोण कुठे झोपतं. फ्रिज किंवा गाडी दिसली, तर कुणाची आणि चालू आहे का, ते विचारा. लग्नात आलेला बंद फ्रिज कपडे ठेवायला वापरणारी घरं आहेत.

> सांभाळा: एचआयव्ही, क्षयरोग, मानसिक आजार, नवऱ्यानं टाकणं, देवदासी असणं या गोष्टी वाडीच्या यादीत कधीही लिहू नका आणि शेजाऱ्यांसमोर विचारू नका. वहीत फक्त 'कारण अ' अशी खूण करा. खरं कारण एका बंद लिफाफ्यात ग्रामसेवकाकडे ठेवा. अशी माहिती एकदा फुटली, की त्या बाईचं रोजगारावर जाणं बंद होतं. अनुदानानं ते भरून येत नाही.

दुसऱ्या बाजूचीही पडताळणी करा. 'मी निराधार आहे' म्हणणाऱ्याच्या घरात नोकरीचा पगार किंवा निवृत्तिवेतन येतं का, दुसऱ्या गावात जमीन आहे का, हे दोन वेगवेगळ्या शेजाऱ्यांकडून स्वतंत्रपणे विचारा.

## ७. कच्ची यादी लावा, हरकती घ्या

घरभेटी संपल्या की क्रमवार कच्ची यादी करा. नुसती पात्र-अपात्र अशी विभागणी नको. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम हवा, कारण जागा एकेक करून रिकाम्या होतात आणि त्या वेळी पुन्हा भांडायला लागू नये.

यादी ग्रामपंचायत, रेशन दुकान, अंगणवाडी आणि प्रत्येक वाडीच्या देवळात लावा. यादीवर आधार क्रमांक, खाते क्रमांक, आजार किंवा मोबाईल नंबर टाकू नका. व्हॉट्सॲपवर टाकलीत तरी दवंडी द्या. ज्यांच्यासाठी यादी आहे, त्यांच्याकडे बहुतेकदा फोन नसतो.

हरकतीसाठी आठ दिवस पुरेत. हरकत तोंडी आली तर तुम्हीच लिहून घ्या. 'त्याचं नाव काढा' यापेक्षा 'हिचं नाव राहिलं' या हरकतीला जास्त वजन द्या आणि अशा प्रत्येक घरी पुन्हा जा.

## ८. ग्रामसभा

आधी महिला सभा घ्या. ती कायद्यानं अपेक्षितच आहे, पण बऱ्याच ठिकाणी फक्त सह्यांपुरती उरते. तिथे यादी खरोखर वाचा आणि आलेले बदल लिहून मगच मुख्य ग्रामसभेत जा. गणसंख्येचा नियम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तो, असा आहे. सह्या नंतर फिरवून गोळा केलेली सभा तक्रार झाली की टिकत नाही.

यादी वाचताना नुसती नावं वाचू नका. प्रत्येक नावापुढे गावानं ठरवलेला निकष वाचा. खाजगी कारण असेल तिथे 'पडताळणी झालेली आहे' एवढंच. ठरावात क्रम, निकष आणि कुणाच्या हरकतीवर काय निर्णय झाला, हे तिन्ही यायला हवं. नमुना असा:

'विषय क्र. ४. वाडीवार पाहणी, तीन गटांची वर्गवारी व घरभेटींनंतर तयार झालेली सोबतची क्रमवार यादी वाचून दाखवण्यात आली. प्राप्त हरकतींपैकी पुढील मान्य, पुढील अमान्य, कारणांसह. यादी याच क्रमाने संबंधित कार्यालयांकडे पाठवावी व जागा रिकामी होताच पुढील क्रमांकाचे नाव सुचवावे, असा ठराव सर्वानुमते मंजूर.'

मतभेद झाले असतील तर 'सर्वानुमते' लिहू नका, 'बहुमताने' लिहा.

## ९. आता अर्ज, आणि कागद जमवणं हे गावाचं काम

निवड झाली तरी निम्मी घरं इथे गळतात. कारण गरिबी सिद्ध करायचे कागद मिळवायलाच पैसे आणि दिवस लागतात. प्रत्येक निवडलेल्या घरासाठी एक जबाबदार माणूस नेमा आणि कागद या क्रमानं करा:

१. आधारवरचं वय आणि नाव. अनेक ज्येष्ठांच्या आधारवर १ जानेवारी आणि अंदाजानं टाकलेलं साल असतं. त्यावरून निघणारं वय खऱ्या वयापेक्षा कमी असेल, तर श्रावणबाळचा अर्ज तिथेच परत येतो. ही दुरुस्ती सगळ्यात आधी.

२. पतीच्या मृत्यूचा दाखला. मृत्यू जिथे झाला, तिथेच त्याची नोंद असते. नवरा मुंबईत किंवा ऊसतोडीवर दुसऱ्या जिल्ह्यात वारला असेल, तर आपल्या ग्रामपंचायतीत कितीही शोधून उपयोग नाही. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणून हे काम लवकर काढा.

३. रेशन कार्ड वेगळं करणं. मुलापासून खरोखर वेगळं राहणाऱ्यांसाठी. कार्ड एकत्र असेल, तर मुलाचं उत्पन्न त्यांच्या नावावर मोजलं जातं. म्हणून हे उत्पन्नाच्या दाखल्याआधी झालं पाहिजे.

४. उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याच्या (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) अहवालावर तहसीलदार देतात. इथे घरभेटीची वही घेऊन जा. काही ठिकाणी सवयीनं ठरावीक आकडा टाकला जातो आणि तो २१,००० च्या वर निघाला, की सगळी मेहनत वाया जाते.

५. दिव्यांग प्रमाणपत्र. यासाठी बहुतेकदा जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. जतच्या पूर्वेकडून सांगलीला किंवा माणमधून साताऱ्याला जायचं, तर आख्खा दिवस मोडतो. चार-पाच जणांची एकच गाडी करा आणि तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा वार आधी विचारून घ्या.

६. बँक खाते. अनुदान आता आधार जोडलेल्या खात्यात थेट येतं. खाते चालू आहे आणि आधार त्याच खात्याला जोडलेलं आहे, याची बँकेत जाऊन खात्री करा. पूर्वी कुणी दुसरं खातं उघडून दिलेलं असेल, तर पैसे तिकडे जातात.

पूर्ण फाईल तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत द्या आणि पोच घ्या. पोच पावतीची एक प्रत त्या घरात, एक ग्रामपंचायतीत. रेशनसाठी तालुक्याच्या पुरवठा शाखेत अर्ज करा.

> दलालापासून सावध: 'मंजूर करून देतो' म्हणून पैसे मागणारा माणूस भेटला, तर घरच्यांना एकटं सोडू नका. पुढच्या खेपेला नेमलेला माणूस सोबत जाऊ द्या.

## १०. मंजुरीनंतर

पहिला हप्ता आला का, हे घरी जाऊन विचारा. पासबुकात नोंद बघा. अर्ज नामंजूर झाला, तर कारण लेखी घ्या. दुरुस्त होण्यासारखं असेल, तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून पुन्हा पाठवा. रेशनबाबत दाद मिळाली नाही, तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे जाता येतं.

हयातीचा दाखला दर वर्षी लागतो. तो राहिला म्हणून अनुदान थांबलेली माणसं प्रत्येक गावात सापडतील. तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आशाताईकडे यादी द्या. रेशन कार्डाच्या ई-केवायसीचंही तसंच. बोटांचे ठसे उमटत नाहीत, अशा म्हाताऱ्यांची नावं दुकानदाराला आधीच कळवा.

क्रमवार यादी दर सहा महिन्यांनी उघडा. मयत झालेल्यांची नावं कमी करा, नव्यानं विधवा झालेल्या, अपघातात हात-पाय गमावलेल्या, गावात परत आलेल्या माणसांच्या घरी जा आणि त्यांना याच निकषांवर क्रम द्या. दुष्काळी पट्ट्यात ही फेरी टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या आतच झाली पाहिजे.